चेहरा ओळखला होता, तरी काकूंची शंका का उरली?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लक्षात येईल. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत तुमचे काका गेले. पहिल्या वर्गाच्या डब्यातून ते घरी येत होते. तुमच्या वडिलांनी शवागारात चेहरा पाहून त्यांना ओळखलं, सही केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी देह ताब्यात मिळाला. "बघण्यासारखं नाही, उघडू नका" असं तिथे कुणीतरी सांगितलं, म्हणून काकूंना काहीच न दाखवता थेट अंत्यसंस्कार झाले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या १२ आरोपींना निर्दोष सोडलं. ती बातमी ऐकल्यापासून काकू पुन्हा विचारू लागल्या आहेत, "ते तेच होते कशावरून?" वडील चिडतात. तुम्हाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. अशी चूक होऊ शकते का, आणि इतक्या वर्षांनी काही तपासता येईल का?

मी न्यायवैद्यकशास्त्राचा डॉक्टर. तीसेक वर्षं सरकारी रुग्णालयांत शवविच्छेदनं केली, विद्यार्थ्यांना शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या काकांचं शवविच्छेदन मी केलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबाबत नेमकं काय झालं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण काकूंचा प्रश्न वेडा नाही, हे पहिल्यांदा सांगतो. आमच्या शास्त्रात हा प्रश्न रोजचा आहे आणि तो विचारायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

चूक होऊ शकते. नुसता चेहरा पाहून पटवलेली ओळख ही सगळ्यांत कच्ची ओळख, आणि स्फोटानंतर तर ती आणखी कच्ची. माणूस आपण ओळखतो तो बराचसा त्याच्या हालचालीवरून, बघण्यावरून, ओठांच्या ठेवणीवरून. मृत्यूनंतर स्नायूंचा ताण जातो, गाल आणि जबडा वेगळे दिसू लागतात. देह ज्या बाजूवर पडून राहतो तिकडे रक्त उतरून कातडी जांभळी पडते. स्फोटात त्यावर काजळी, सूज, भाजलेले केस, रक्त. शवागारात गारठलेला तोच चेहरा दोन तासांनी आणखी निराळा दिसतो.

आणि बघणारा कोण असतो? रात्रभर एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात धावलेला भाऊ. मी शेकडो नातेवाइकांना ती चादर बाजूला होताना पाहिलंय. बहुतेक जण क्षणभर बघतात आणि मान फिरवतात. शोध संपावा असं मनाला इतकं वाटत असतं की 'हो' चटकन तोंडातून निघतं. उलटही होतं. सख्खा मुलगा समोर असताना बाप "नाही, हा नव्हे" म्हणून निघून गेलेला मी पाहिलाय. म्हणून तुमच्या वडिलांना दोष देऊ नका. त्यांच्यावर जे काम टाकलं गेलं ते एकट्या माणसावर टाकण्यासारखं नव्हतंच.

त्या दिवसाची परिस्थितीही लक्षात घ्या. संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेवर ७ स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड असा सगळा पट्टा. दोनशेच्या आसपास माणसं गेली, सातशेहून अधिक जखमी झाली. रुळांलगतच्या वस्त्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्याच चादरींची झोळी करून माणसं उचलली. त्यांच्यामुळे कित्येक जीव वाचले. पण जिथे जे वाहन मिळेल त्यातून, जे रुग्णालय जवळ त्यात माणसं पोचली. कोण कुठे गेलं याची यादी कुणाकडेच नव्हती. विमान पडलं तर आत कोण होतं हे निदान कागदावर असतं. लोकलच्या डब्यात कोण चढलं हे कुणालाच माहीत नसतं.

आता एक गोष्ट सांगतो जी आमच्या बाहेरच्या लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. स्फोट पहिल्या वर्गाच्या डब्यांत झाले, तेही कचेऱ्या सुटायच्या वेळी. म्हणजे मृतांमध्ये मोठा भाग कुणाचा? तिशी ते पन्नाशीतले पुरुष, मध्यम बांधा, फिकट शर्ट, गडद पँट, मिशी असलेले नाहीतर नसलेले, खांद्याला एकसारखी काळी बॅग. एका शवागारात अशी पंधरा-वीस माणसं ओळीने ठेवली तर गफलतीची शक्यता किती वाढते ते बघा. त्यात डब्यातल्या वस्तू उडतात. मदत करणारा माणूस जवळ पडलेली बॅग उचलून झोळीत ठेवतो, चांगल्या मनाने ठेवतो, आणि ती बॅग भलत्याच माणसाची असते. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचो की शेजारी सापडलेली बॅग हा पुरावा नव्हे. पँटच्या आतल्या खिशात सापडलेला पास, ज्यावर ओळखपत्राचा क्रमांक आहे, तो बराच वजनदार. बोटात घट्ट रुतलेली अंगठी त्याहून वजनदार. आणि अंगावरची जुन्या शस्त्रक्रियेची खूण तर कुणी उचलून दुसऱ्याच्या अंगावर ठेवू शकत नाही.

जगभर या कामाची पद्धत ठरलेली आहे. इंटरपोलच्या नियमावलीनुसार बोटांचे ठसे, दात आणि डीएनए या तिघांपैकी एखादं जुळलं तर ओळख पक्की. कपडे, दागिने, तीळ, व्रण ही मदतीची माहिती. चेहरा एकट्याने पुरेसा नाही. हा धडा महागात पडून शिकलेला आहे. १२ ऑक्टोबर २००२ ला बालीमध्ये स्फोट झाले, २०२ माणसं गेली. पहिल्या दिवसांत काही देह नातेवाइकांनी बघून ओळखले, आणि त्यातल्या काही ओळखी पुढे चुकीच्या निघाल्या. त्यानंतर बघून ओळखणं थांबवून दातांच्या आणि डीएनएच्या तपासणीने काम पूर्ण केलं गेलं. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ ला २,७५३ माणसं गेली. तिथे पैसा होता, प्रयोगशाळा होत्या, दोन दशकांहून अधिक काळ काम चालू आहे, तरी त्यांतल्या सुमारे ११०० जणांचे अवशेष अजून ओळखले गेलेले नाहीत. २००६ साली आपल्याकडे प्रत्येक देहाची सरसकट डीएनए तपासणी करण्याची पद्धत नव्हती. आज ती बरीच रुळली आहे. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळल्यावर बहुतेक देह डीएनए जुळल्यावरच ताब्यात दिले गेले, ते तुम्ही वाचलंच असेल. नातेवाइकांना थांबावं लागलं, रागही आला, पण थांबवणं बरोबर होतं.

माझ्या पहिल्या काही वर्षांतली एक घटना सांगतो, म्हणजे काकूंना मी इतक्या गांभीर्याने का घेतोय ते कळेल. एका स्फोटानंतर एका गृहस्थांना त्यांच्या भावाने आणि मेहुण्याने ओळखलं. दोघांनी सह्या केल्या. कागद तयार झाले, गाडी दाराशी लागली. त्यांची बायको बाहेर बाकावर बसलेली होती, तिला आत येऊ दिलं नव्हतं. देह बाहेर आणताना चादर सरकली आणि पाय उघडे पडले. ती उठली, जवळ आली, पायाच्या अंगठ्याकडे बघितलं आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, "हे त्यांचे पाय नाहीत. कंबरेच्या दुखण्यामुळे त्यांना वाकता येत नाही. दर रविवारी त्यांची नखं मी कापते. त्यांचं हे नख वाकडं वाढतं." दीर तिला समजावू लागला, धक्क्यामुळे बोलतेय म्हणाला. मी तेव्हा तरुण होतो, माझ्यावरचे वरिष्ठ थकलेले होते, गाडी लवकर निघावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. सुदैवाने आमच्या एका जुन्या वॉर्डबॉयने स्ट्रेचर मागे घेतला. संध्याकाळपर्यंत कळलं की ती बरोबर होती. तिचे यजमान दुसऱ्या एका शवागारात 'अनोळखी' म्हणून ठेवलेले होते. आणि आमच्याकडचा देह ज्या घरचा होता, ते लोक तिसरीकडेच शोधत होते.

त्या दिवसापासून मी पद्धत बदलली. आधी कुणाला देह दाखवायचा नाही. आधी बाहेर बसवायचं, पाणी द्यायचं, आणि विचारायचं. उंची किती, दात कुठला पडलाय, कवळी आहे का, दाताला टोपी आहे का, कधी हाड मोडलं होतं का, पोटावर टाके आहेत का, शर्ट शिवलेला की तयार, शिंप्याचं लेबल कॉलरला असतं का. हे सगळं लिहून घ्यायचं, मग आमच्या नोंदींशी ताडून पाहायचं आणि शेवटी दाखवायचं. आणि विचारायचं बायकोला, आईला, म्हणजे जिने ते शरीर रोज पाहिलंय तिला. आपल्याकडे उलटं चालतं. बाईमाणसाला झेपणार नाही म्हणून घरातले पुरुष पुढे होतात, आणि भाऊ, मेहुणा, शेजारी अशा लोकांवर ओळख येऊन पडते, ज्यांनी त्या माणसाला वर्षानुवर्षं फक्त कपड्यांत पाहिलेलं असतं.

"उघडू नका" हे सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, तरी ते चुकीचं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. चेहरा दाखवण्यासारखा नसेल तर हात दाखवता येतो. बाकी सगळं चादरीने नीट झाकून एक हात बाहेर ठेवायचा, आधी सांगायचं की हात गार लागेल, रंग बदललेला दिसेल, आणि मग तिला हवं तितका वेळ तो हात धरून बसू द्यायचं. मी असं अनेकदा केलं आहे. त्यातल्या एकाही बाईने नंतर येऊन "मला का दाखवलंत" असं विचारलं नाही. दाखवलं नाही म्हणून वर्षांनी परत आलेल्या मात्र भेटल्या आहेत.

आता तुमच्या घराकडे येऊ. काकू "ते तेच होते कशावरून" म्हणतात तेव्हा त्यात दोन वेगळे प्रश्न असू शकतात. एक, "ते कुठेतरी जिवंत असतील का?" दुसरा, "मी भलत्याच कुणाला अग्नी दिला आणि त्यांना बेवारस म्हणून कुणी जाळलं का?" यातला कोणता प्रश्न त्यांना छळतोय हे तुम्ही त्यांना एकटं असताना, घाई न करता विचारा. माझा अंदाज दुसऱ्याचा आहे, पण तो अंदाजच. पहिला असेल तर त्याचं उत्तर देहाच्या ओळखीवर अवलंबून नाही. काका त्या गाडीत होते, घरी आले नाहीत, कुठल्याही रुग्णालयात जिवंत सापडले नाहीत, आणि त्यानंतर त्यांची कसलीच खबर नाही. ओळखीत चूक झाली असं क्षणभर धरलं तरी त्याचा अर्थ दोन घरांमध्ये देहांची अदलाबदल झाली असा निघतो, काका वाचले असा निघत नाही.

दुसरा प्रश्न असेल तर कागद मिळवा. डीएनएची आशा धरू नका. चितेच्या उष्णतेनंतर हाडांत तपासणीजोगं काही सहसा उरत नाही, आणि अस्थी तर केव्हाच विसर्जित झाल्या. पण कागदांतून बरंच कळू शकतं. प्रत्येक देहाचा पोलिसांनी इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे देह कसा होता आणि मृत्यू कशाने झाला असावा याची पंचांसमोरची नोंद, केलेला असतो, तेव्हा तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचा. त्याच्यासोबत शवविच्छेदन अहवाल असतो आणि अंगावर सापडलेल्या वस्तूंची यादी असते. ज्या लोहमार्ग पोलीस ठाण्याच्या हद्दीत तो स्फोट झाला तिथे, आणि ज्या रुग्णालयात शवविच्छेदन झालं तिथल्या नोंदणी विभागात, काकूंच्या नावाने अर्ज करा. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. तोंडी "इतकं जुनं मिळणार नाही" म्हणाले तर लेखी उत्तर मागा, नाहीतर माहिती अधिकारात अर्ज टाका. मोठ्या फौजदारी खटल्यातले असे कागद सहज नष्ट करत नाहीत. तपास एटीएसकडे, म्हणजे पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाकडे होता आणि २०२५ च्या निकालाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, त्यामुळे खटल्याच्या कागदपत्रांत प्रती असण्याची शक्यता चांगली आहे. तिथपर्यंत जावं लागलं तर वकील लागेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना तो मोफत मिळतो.

तुमच्या वडिलांना कदाचित वेगळी भीती असेल, की हे उकरून काढलं तर दाखला, भरपाई, पेन्शन अडचणीत येईल. तसं काही होत नाही. प्रती मागितल्याने मृत्यूची नोंद रद्द होत नाही. हे त्यांना सांगा, कदाचित चिडणं थोडं कमी होईल. मात्र त्यांच्या चिडण्याचं खरं कारण वेगळं असणार. काकूंचा प्रत्येक प्रश्न त्यांना "तू नीट बघितलं नाहीस" असा ऐकू येत असेल.

अहवाल हाती आला की जखमांचं वर्णन आधी वाचू नका, आणि काकूंना तर ते मुळीच वाचून दाखवू नका. वरचा भाग बघा. उंची, बांधा, कपड्यांचं वर्णन, ओळखीच्या खुणा, दात. मग आतल्या अवयवांच्या नोंदी. पित्ताशय किंवा अपेंडिक्स काढलेलं असेल तर ते तिथे यायला हवं. काकांचं हाड कधी मोडून पट्टी बसवली असेल तर तेही. याच्या जोडीला घरात जे आहे ते शोधा. दंतवैद्याचा कागद, जुना एक्स-रे, शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड, आणि हसतानाचा फोटो ज्यात पुढचे दात दिसतात. कपड्यांबद्दल काकूंनाच विचारा, पण अहवाल दाखवण्याआधी विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. त्या दिवशी कोणता शर्ट होता, बनियन कोणती, रुमाल, पट्टा, खिशात काय काय असायचं. नवरा सकाळी काय घालून गेला हे अशा बायकांना विसरायला होत नाही. त्यांनी आधी सांगितलेलं आणि २००६ साली पोलिसांनी लिहिलेलं जुळलं, तर त्याला खरी किंमत आहे, कारण दोन्ही बाजूंनी कुणी कुणाचं बघून लिहिलेलं नाही.

अहवाल त्रोटक निघण्याचीही तयारी ठेवा. एका रात्रीत इतके देह आल्यावर कित्येक अहवाल अर्ध्या पानाचे होतात आणि ओळखीच्या रकान्यात फक्त 'नातेवाइकांनी ओळखले' एवढंच असतं. तसं असेल तर काकूंना खरं तेच सांगा, की ओळख पक्की करण्याइतकी नोंद त्या रात्री कुणी केली नाही. "ते तेच होते, आता विसरा" असं म्हणू नका. इतकी वर्षं त्या हेच ऐकत आल्या आहेत.

कागद समजले नाहीत तर जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागात जा, विभागप्रमुखांची वेळ मागा आणि काकूंना सोबत न्या. डॉक्टरांना आधीच विनंती करा की कागद काकूंच्या समोर ठेवून त्यांच्याशीच बोला. वडिलांनाही न्यायचं असेल तर न्या, पण पहिला प्रश्न काकूंना विचारू द्या. आणि निघण्यापूर्वी घरीच त्यांना एक गोष्ट विचारून ठेवा. त्या रात्री दाखवला असता, तर त्यांनी काकांचा कुठला भाग बघायला मागितला असता? हात, पाय, पाठीवरचा एखादा व्रण, जे सांगतील ते. अहवालात सगळ्यांत आधी तेच शोधा.